धडकेच्या आधी पाय काढायचा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. जाईल असं वाटलं होतं. पण परवा रविवारी इथे आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराच्या बाहेर एका चिखलाने भरलेल्या शेतात उभी असताना तो असा उसळून आला, की म्हटलं आता लिहूनच टाकावं. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे. जिवंत असतानाही तुम्ही माझं कुठे काय ऐकून घेतलंत?

आधी सांगते ते शेत कसलं. इथे गावोगावी डर्बी भरते. भंगारातल्या गाड्या आणायच्या, काचा काढायच्या आणि एकमेकींवर आपटायच्या. ज्याची गाडी शेवटपर्यंत हलत राहील तो जिंकला. तुमच्या नातीला याचं वेड आहे. एकोणीस वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत देते. शेजारच्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये तिने एक जुनी गाडी उभी केली आणि मला म्हणाली, "मम्मा, एव्हरीवन्स अ‍ॅक्सल गोज फर्स्ट." सगळ्यांचा एक्सलच, म्हणजे चाकं फिरवणारा दांडाच आधी मोडतो म्हणे. मी अकाउंट्सवाली बाई, औषधांच्या कंपनीत दिवसभर बिलं बघते. पण ते ऐकलं आणि ऑफिसचे कपडे न बदलता गाडीखाली शिरले. या गाडीत इंजिनचा जोर पुढच्या चाकांना, म्हणजे जपायचं ते पुढेच. तिला सांगितलं, तोंडाने धडकायचंच नाही. रिव्हर्समध्ये जायचं, डिकी चेपली तर चेपू दे. धडक बसताना चाकं सरळ पाहिजेत, वळलेल्या चाकावर मार बसला की सांधा निखळलाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, धडकेच्या क्षणभर आधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. चाक चिखलात गरागरा फिरत असतं आणि एकदम पकड मिळाली की सगळा झटका एक्सलवर येतो.

हे कुठून आलं, सांगायला नको. कराडला हायवेच्या कडेला आपलं गॅरेज, मागे स्वयंपाकघर, आणि मी चहाचे ग्लास घेऊन त्या दोन दारांमध्ये. पावसात रुतलेला ट्रक काढताना तुम्ही ड्रायव्हरच्या नावाने ओरडताय, "आरं पाय काढ! फिरतंय तवर दाबशील, अन् धरलं की तुटंल! बॉडीचं काय, ठोकून सरळ होती, एक्सल मोडला तर जागेवर बसशील!" मी ग्लास हातात धरून तिथेच थांबते. आतून आई हाक मारते, मी जात नाही. तुम्ही मला कधी हाकललं नाहीत, तेवढं खरं. चौदा नंबरचा पाना कुठला ते मला न बघता कळायचं, आणि ते तुम्हाला आवडायचं. म्हणून तर जास्त राग येतो. तुम्हाला काही कळतच नसतं तर मी कधीच सोडून दिलं असतं.

मेकॅनिकल डिप्लोमाला माझा नंबर लागला तो दिवस. थोरले काका आले होते. आई पोळ्या करत होती. काका म्हणाले, "पोरगी गाडीखाली झोपणार? आन् लगीन कोण करंल हिच्याशी?" तुम्ही पाटावर बसून जेवत होता. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत, बोलली आई. हातात उलथनं तसंच, म्हणाली, "तिला येतंय की. शिकू द्या." त्यावर काकांनी तिला जे झापलंय! बायकांनी मधे तोंड घालायचं नाही, या घरात अजून मी मोठा आहे, काय काय. आणि तुम्ही? तुम्ही उठलात, हात धुतलेत, फडका खांद्यावर टाकलात आणि म्हणालात, "जरा गाडी बघून येतो." बाहेर एकही गाडी नव्हती, अण्णा. मी खिडकीतून बघितलं होतं. रिकाम्या अंगणात पाठ करून तुम्ही विडी ओढत उभे होता, आणि आत आई एकटी मार खात होती, शब्दांचा असला म्हणून काय झालं. तुमचा एक्सल शाबूत राहिला. बॉडी म्हणजे आम्ही दोघी. संध्याकाळी तुम्ही जिलबी आणलीत आणि म्हणालात, "कॉमर्सबी चांगलं असतंय." त्या जिलबीचा मला अजून संताप येतो. मी आजही जिलबीला हात लावत नाही. इथल्या मंडळातल्या बायकांना वाटतं, मला शुगर आहे.

आता रविवारचं. नातीला इथल्या ट्रली गावातल्या एका वर्कशॉपमध्ये ट्रकदुरुस्तीची अप्रेंटिसशिप मिळतेय. सोमवारी हो की नाही कळवायचं होतं. नवऱ्याचं म्हणणं नाही. पोरीचा जीव बापावर, बाबांना वाईट वाटत असेल तर मी नको म्हणून सांगते, असं ती मला म्हणून बसलेली. तिची गाडी मैदानात उतरली, आणि हा माझ्या शेजारी छत्री धरून म्हणतो, "तू तिला चढवू नकोस. एवढं शिकून आपण इथे आलो ते पोरीने ग्रीसमध्ये हात घालायला? आणि तुझ्या अण्णांनी तरी तुला कुठे पाठवलं? स्वतःचं गॅरेज होतं त्यांचं. त्यांना कळत असणारच ना काहीतरी."

ऐकलंत? तुमचं ते गप्प बसणं इथवर आलं, सातासमुद्रापार, तुमच्या नातीच्या आड. लोक त्याला शहाणपण समजतात! मी म्हणाले, "अण्णा घाबरले होते. दुसरं काही नाही. भावाला घाबरले आणि बायकोला पुढे करून बाहेर पळाले." आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले हे. तो म्हणाला, "मी गाडीत जाऊन बसतो." मी त्याची बाही धरली. "जायचं नाही. इथंच उभं राहायचं आणि तिच्याकडे बघायचं. ती उद्या हो म्हणणार आहे, आणि तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, तिच्यावर नाही." शेजारचा शेतकरी हातातले चिप्स विसरून बघत होता. बघू दे. मी बाही सोडली नाही.

ती जिंकली नाही. तिसरी आली. डिकी मागच्या सीटपर्यंत आत गेली होती, पण पुढची चाकं सरळ, आणि बाकीच्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून नेत असताना ही आपल्या पायांनी फाटकाबाहेर आली. सोमवारी तिने फोन करून हो सांगितलं. नवरा अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. काय मोडलंय आणि काय नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

फाटकाबाहेर तिने हेल्मेट काढलं, तोंडभर चिखल, आणि विचारलं, "मम्मा, हू टॉट यू दॅट? द फूट थिंग?" मी म्हटलं, "इंटरनेटवर बघितलं." ती हसली, "वेल, फेअर प्ले टू द इंटरनेट," म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत शाब्बास, आणि गाडीच्या टपावर थाप मारली. तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, अण्णा. पण मी पाय काढला.