ओठाचं निमित्त

प्रिय ठकू,

तुझा परवाचा निरोप वाचला आणि डोक्यात तिडीक गेली, म्हणून हे पत्र. फोनवर तू 'बरं आई, बघू' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही, निदान मला दिसत तरी नाही. वाद्यवृंदात ट्रम्पेटची जागा रिकामी झाली आहे, अर्जाला अजून आठ दिवस आहेत, आणि माझी मुलगी मला चार शब्दांत कळवते, माझ्या ओठाचा भरवसा नाही. अगं, भरवसा नाही म्हणजे काय? तो ओठ आहे की नळ दुरुस्त करणारा माणूस, येतो म्हणून सांगतो आणि येतच नाही?

पण भांडण नंतर. आधी माझी रड ऐक. गेल्या सोमवारी माझ्याच ओठावर फोड उठला. नेहमीचाच, खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात. सकाळी चुरचुर, दुपारी सूज, संध्याकाळी पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस. आणि नेमकं त्याच दिवशी शाळेचे बँडमास्तर चौदा वाद्यं घेऊन दुकानात हजर. झडपा अडकलेल्या, भोकांवर बसणाऱ्या गाद्या कुरतडलेल्या, एका क्लॅरिनेटमध्ये तर चक्क पेन्सिलीचा तुकडा निघाला. चार दिवस मान मोडून काम केलं. माझी पद्धत तुला ठाऊक आहे, दुरुस्त झालं की स्वतः फुंकून बघायचं, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. शुक्रवारी ते न्यायला आले, मी पहिला ट्रम्पेट उचलला, माउथपीस एप्रनला पुसला आणि ओठाला लावणार, तर मास्तर एकदम पुढे झाले आणि म्हणाले की बाई, राग मानू नका, पण हे पोरांच्या तोंडात जाणार आहे, तुम्ही आज फुंकू नका.

राग मानू नका म्हणे! तीस वर्षं या शहरातली निम्मी वाद्यं माझ्या फुंकरीने पास झालीत. मी त्यांना सांगितलं, ही अंगातली उष्णता आहे, उष्णता काय उडी मारते की काय? त्यांनी सगळे माउथपीस खिशातून काढलेल्या रुमालात वेगळे बांधून नेले. मी दिवसभर धुसफुसत होते.

घरी आले तर तुझे बाबा तयारच. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की फोडावर टूथपेस्ट लावावी. लावली. असली आग झाली की मी त्यांना दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. मग मीठ, मग बर्फ. बर्फाने जरा बरं वाटलं, पण ते मी कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी खपली नखाने काढली, रक्त आलं, आणि मग मात्र मी तरातरा दवाखान्यात गेले. बरं व्हायला नव्हे हं. बँडमास्तरांचं म्हणणं खोटं आहे असं डॉक्टरांकडून लिहून आणायला.

डॉक्टरीण तुझ्याच वयाची, चष्मा नाकावर घसरलेला, माझं बोलणं शांतपणे ऐकून घेणारी. मला अशी माणसं आवडत नाहीत, भांडताच येत नाही त्यांच्याशी. ती म्हणाली, उष्णता वगैरे काही नाही, हा विषाणू आहे. बहुतेकांना लहानपणीच घरातल्या कुणाकडून तरी मिळतो, पाप्यांतून, उष्ट्या पेल्यातून. एकदा शिरला की जन्मभर जात नाही, मज्जातंतूच्या मुळाशी दडी मारून बसतो. मग ताप आला, कडक उन्हात हिंडलं, झोप झाली नाही, जिवाला घोर लागला, ओठाला मार बसला, की वर येतो. आठ-दहा दिवसांत फोड फुटतो, खपली धरते, सुकतो. तोवर दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे मास्तर बरोबर होते. माझा चेहरा तू बघायला हवा होतास.

उपाय विचारले तर म्हणाली, मुळासकट घालवणारं औषध नाही. चुरचुर सुरू झाली की लगेच मलम, दिवसातून पाच वेळा, आणि मलम लावल्यावर हात धुवायचे, तो हात डोळ्याला लावायचा नाही. वारंवार होत असेल तर गोळ्या, त्या तपासून देतात आणि वेळेत घेतल्या तर फोड लवकर आवरतो. उन्हात जाताना ओठाला लावायचं वेगळं मलम मिळतं. गार पाण्याची पट्टी चालते. टूथपेस्ट चालत नाही, हे मी तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि तुझ्या बाबांच्या उशाला ठेवलं.

हे सगळं ऐकताना माझं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. मला दोन वर्षांपूर्वीच्या वाद्यवृंदाच्या चाचणीतला तो लांब व्हरांडा दिसत होता, लाकडी खुर्च्या, तुझ्या हातातला नंबराचा कागद. चार रात्री तू धड झोपली नव्हतीस, दिवसाला आठ-आठ तास वाजवत होतीस, आणि सकाळी ओठ हा एवढा सुजलेला. आई, मला नाही जमणार, असं तू मला सांगितलंस. आणि मी काय केलं? पर्समधून लिपस्टिक काढली, त्या फोडावर फिरवली आणि म्हटलं, नखरे पुरे, आत जा. तिसऱ्या ओळीला तुझा ओठ फाटला. दारातून मला दिसलं, तू ट्रम्पेट खाली घेतलास आणि हनुवटीवर रक्ताची रेघ होती. आणि बसमध्ये मी तुला म्हणाले की ऐनवेळी कच खाल्लीस.

काल मी वाद्यवृंदाच्या कार्यालयात फोन केला. कुणी आजारी पडलं तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून दुसरी तारीख मिळते. तेव्हाही मिळत होती. नुसतं विचारायचं होतं, आणि तुझी ही शहाणी आई लिपस्टिक शोधत बसली. तुझ्यासाठी त्या डॉक्टरणीकडे बुधवारची वेळ घेतली आहे. यायचं की नाही ते तू बघ, पण मला न विचारता का घेतलीस म्हणून फोनवर ओरडू नकोस. ओरडायचं तर इथे येऊन ओरड.

आता जे लिहायला बसले ते लिहिते, आणखी टाळलं तर कागद संपेल. उठता उठता डॉक्टरणीने विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का, कधीपासून? मी म्हटलं, मुलीला, सात वर्षांची असल्यापासून. ठकू, तू त्या वर्षी दुकानात शिकायला लागलीस. थंडीत पितळ गारठलेलं असायचं, ओठाला लावलं की तू तोंड वाकडं करायचीस. म्हणून मी तुझा माउथपीस आधी माझ्या ओठांत धरून ऊब आणायची आणि मग तुला द्यायची. ओठावर फोड असला तरी. मला काय माहीत! त्याच हिवाळ्यात तुला ताप आला, तोंडभर फोड, आठ दिवस पाण्याचा घोट उतरत नव्हता. डॉक्टरीण म्हणते, नक्की कशातून लागलं हे कुणीच सांगू शकत नाही, मनाला लावून घेऊ नका. तिला काय जातंय सांगायला. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले की पोरीने कच खाल्ली. रविवारी तुझ्या ट्रम्पेटच्या सरांच्या घरी जाऊन सांगून आले की ते खोटं होतं. फक्त तुला सांगायचं राहिलं होतं, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ उचलत नाही. अर्ज भरायचा नसेल तर नको भरूस. पण नाही भरलास तर तो वाजवावंसं वाटत नाही म्हणून, ओठाला बोल लावून नको. तुझ्या ओठाने काही केलेलं नाही गं. माझं चुकलं.

रागावलीस तरी तुझीच,
आई