शेंडीविरुद्ध नऊ कारणे

कल्याण, आश्विन शुद्ध १२, शके १८०८

चिरंजीव त्रिंबकास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. येथील सर्व क्षेम. तुझे क्षेम कळवावे, आणि त्याआधी माझ्या मुलाचे कळवावे.

गोपीनाथ दसऱ्याला येऊन काल ठाण्यास तुझ्याकडे परतला. अंथरूण आवरताना त्याच्या उशीखाली एक कागद सापडला. अक्षर त्याचेच. मथळा असा की शेंडी का ठेवू नये, कारणे नऊ. मी तीन मोठ्याने वाचली आणि डोक्यावर घागरभर पाणी ओतून घेतले. बाकीची सहा ऐकायचे तुझ्या वहिनीने साफ नाकारले.

मुंबईच्या कॉलेजास सोयीचे म्हणून मी मुलगा तुझ्या घरी ठेवला. तो दर रविवारी टेंभी नाक्यावरच्या फेलिक्स मास्तराच्या पडवीत जाऊन बसतो, हे मला टपालवाल्या आनंदाकडून कळावे? मास्तर किरिस्ताव, बोलायला गोड. कॉलेजच्या पोरांची बुद्धी तासून देतो म्हणे. तर्क, गणित, वक्तृत्व, सगळे फुकट. मला फुकटाचाच जास्त संशय येतो.

तू जाऊन पाहा. माझे समाधान झाले नाही तर वद्य द्वादशीस येऊन मी त्याला कॉलेजातून काढून घरी आणणार. दिवाळीनंतरची परीक्षा बुडाली तर बुडाली. हा आशीर्वाद.


ठाणे, आश्विन वद्य ५

तीर्थस्वरूप दादांचे सेवेसी आज्ञाधारक त्रिंबकाचे कृतानेक साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपल्या आज्ञेवरून काल रविवारी मी हेर झालो. उपरण्यात नाक लपवून मागे बसण्याचा बेत होता, पण आपल्या घराण्याचे नाक उपरण्यात मावत नाही. मास्तरांनी लगेच ओळखून पाट मांडला. पाणी मात्र विचारले नाही. माझी अडचण त्यांना माझ्याआधी कळली होती.

आरंभी गणित झाले. होडी ओहोटीबरोबर ताशी सहा मैल गेली आणि तेवढेच अंतर ओहोटीविरुद्ध ताशी तीन मैलांनी परत आली, तर सरासरी वेग किती? मी शास्त्रीपणाच्या जोरावर साडेचार म्हणून मोकळा झालो. गोपीनाथ अदबीने म्हणाला की काका, परतताना वेळ दुप्पट लागतो, म्हणून चार. मी बोटांवर पडताळून पाहिले. दुर्दैवाने चारच.

मग चिठ्ठ्या निघाल्या. जी बाजू चिठ्ठीवर येईल ती मांडायची. स्वतःचे मत कोणी विचारीत नाही. मास्तरांचे म्हणणे असे, की ज्याला समोरच्याची बाजू नीट मांडता येत नाही त्याने स्वतःची मांडण्याची घाई करू नये. दादा, याला आपण पाठशाळेत पूर्वपक्ष म्हणत होतो आणि तो कच्चा मांडला म्हणून गुरुजींच्या छड्याही खात होतो. गोपीनाथला गेल्या महिन्यात शेंडीविरुद्धची चिठ्ठी आली, एवढाच त्याचा अपराध. शेंडीच्या बाजूने कोण लढले म्हणाल? खुद्द फेलिक्स मास्तर! काल मुलांच्या आग्रहावरून त्यांनी ते भाषण पुन्हा केले. ऐकता ऐकता माझा हात मागे जाऊन आपली जागेवर आहे ना हे पाहून आला.

मुलाचीही जागेवर आहे. त्याला काढू नये. वहिनींस नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवावा आणि संशय थोडा उतरवावा.

आपला त्रिंबक


कल्याण, आश्विन वद्य ७

चिरंजीव त्रिंबकास आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र वाचले आणि जेवण गोड लागेना.

जो मुलगा मनात नसलेले इतके पटवून बोलतो, तो उद्या मला म्हणाला की बाबा, मी धर्मात आहे, आचारात आहे, तर ते कोणत्या चिठ्ठीवरचे समजू? आणि तुझे तरी काय? तू लहानपणापासून चांगला भांडतोस. तुझे हे पत्रही चिठ्ठी काढून लिहिलेले नाही कशावरून?

आता माझी परीक्षा. मुलाला कॉलेजातून काढावे ही माझी बाजू त्याने लिहावी. तू सुचवायचे नाही, डोकावायचे नाही. वकिली थाटाचे काही आले तर द्वादशी ठरलेलीच आहे.


ठाणे, आश्विन वद्य ९

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार. वि. वि. सोबत गोपीनाथचा लखोटा. त्याने दार लावून लिहिले. दोन वेळा कागद फाडल्याचा आवाज आला. लखोटा त्यानेच चिकटवला. काय लिहिलेस म्हणून मी सहज विचारले, तर म्हणाला की काका, ती बाजू बाबांची आहे, तुम्हांला कशी दाखवू? दादा, मी तो उजेडासमोरसुद्धा धरला नाही. एवढी तपश्चर्या मी मुंजीपासून केली नव्हती.

आपला, बंधुप्रेमाचा आणि बातमीचाही भुकेला, त्रिंबक


कल्याण, आश्विन वद्य ११

चिरंजीव त्रिंबकास अनेक आशीर्वाद. वि. वि. लखोटा पावला.

पहिली तीन कारणे अपेक्षित होती: आचार बिघडेल, प्रकृती बिघडेल, संगत बिघडेल. प्रत्येकाखाली त्याने आपले उत्तरही लिहिले होते. मी प्रसन्न होतो. म्हटले, एवढेच सुचले बेट्याला!

चौथे असे होते. बाबांना भीती वाटते की एक दिवस मी शिकलेल्या मित्रांबरोबर घरी येईन. बाबा ओटीवर उघडे बसलेले असतील. मित्र इंग्रजीत विचारतील की हे कोण. मी इंग्रजीत काहीतरी सांगेन, सगळे हसतील, आणि मी काय सांगितले ते बाबांना कधी कळणार नाही.

त्रिंबका, हे मी कोणाला बोललो नव्हतो. तुझ्या वहिनीलाही नाही. खरे म्हणजे मलाही नाही.

त्याखाली त्याने उत्तर लिहिलेले नाही. अर्धा कागद कोरा. तळाशी एवढेच, की इथे काय लिहावे ते मला सुचले नाही, बाबा.

फेलिक्स मास्तराबद्दलचा संशय मी सोडलेला नाही, हे ध्यानात असू दे. पण द्वादशीस मी येत नाही. कागद परत पाठवीत आहे, गोपीनाथच्या हाती दे. त्या कोऱ्या जागेत मी लिहिले आहे: परीक्षेला बस. मग मित्रांना घेऊन घरी ये. मी अंगरखा घालून बसेन, आणि मी कोण ते मीच त्यांना सांगेन.

हा आशीर्वाद, दोघांस.