शेवटचा चमचा माझा

६ ऑक्टोबर, मंगळवार

आज यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत अळणी बशी ठेवली. यांनी!

टोमॅटोचं पाणी होतं. टोमॅटो ठेचून फडक्यात टांगायचे, थेंब थेंब गळून जे खाली साचतं ते. दिसायला साधं पाणी, पण घोट घेतला की माणूस दचकून वाटीत बघतो! आमच्या हॉटेलचं नाव झालं ते याच्यावर. मी नेहमीसारखा शेवटचा चमचा घेतला आणि तोंडात काही आलंच नाही. नुसतं गार पाणी.

शेवटचा चमचा माझा, हा हॉटेल उघडलं तेव्हापासूनचा नियम. यांनीच घातलेला. 'दिवसभर चाखून चाखून माझी जीभ बधिर होते गं. तुझी ताजी असते. तू हं म्हटल्याशिवाय बशी खिडकीतून बाहेर जायची नाही.' आज मी हं म्हटलं नाही. 'अहो, मीठ?' म्हटलं. यांनी चाखलं. पुन्हा चाखलं. मग माझ्याकडे बघत राहिले. 'बरोबर आहे की,' म्हणाले. अगदी हळू आवाजात.



उन्हाळ्यात आम्हा दोघांनाही तो मेला ताप येऊन गेला. नाकं बंद, तोंडाला चव नाही. मी लवकर उठले, कामाला लागले. हे मात्र किती दिवस अंथरुणातच होते. तेव्हाच गेली असणार यांची चव, आणि परत आलीच नाही. स्वयंपाक्याची जीभच गेली तर राहिलं काय!

७ ऑक्टोबर, बुधवार

कुणापाशी बोलू? लांबूपाशी तर नाहीच. लांबू आमचा वाढपी. दारातून वाकून आत येतो, मनाने सोनं आहे, पण तोंडात तीळ भिजत नाही. रस्त्याकडची तीन टेबलं त्याची, आतली तीन माझी. एवढंच आमचं राज्य! पूर्वी इथे चपलांचं दुकान होतं, भिंतीत अजून त्या फळ्यांचे खिळे आहेत.

मेनू नाही. सात बशा, हे देतील ते खायचं. म्हणजे माणसं येतात ती यांच्या जिभेवर भरवसा ठेवून. ती एक गेली की पुन्हा चपला विकायच्या.

आज सातही बशा अळणी. सातही! मी तोंड घट्ट केलं आणि सगळ्यांना हं म्हटलं. काय सांगायचं त्यांना? अहो, तुमची जीभ गेली, असं? टेबलांकडे जाताना पडद्याआड थांबून माझ्या टेबलांच्या बशांवर चिमूट चिमूट मीठ भुरभुरलं. एप्रनच्या खिशात डबीच ठेवली आहे. लांबूच्या बशा तशाच गेल्या. त्यांना मी कुठे कुठे पुरी पडणार?

१० ऑक्टोबर, शनिवार

बशी परत आली. परत!

माझ्या मधल्या टेबलावर एक जाडसे गृहस्थ आणि त्यांची बायको. आल्यापासूनच कुरकुर. 'एवढी मोठी बशी आणि मध्ये एवढंसं! शोधायला दुर्बीण द्या की.' मी हसले. तसं माणूस रोज एक तरी येतं. पण बीटाचा दगड आला आणि एका घासात त्यांनी चमचा खाली ठेवला. (बीट राखेत पुरून भाजायचं, वरून काळं कुळकुळीत, फोडलं की आत लाल. लोक आधी घाबरतात, मग हसतात.) म्हणाले, 'बाई, समुद्र ओतलाय का यात?' बायको टेबलाखालून त्यांना पाय मारत होती, पण पाणी तीही घटाघटा पीत होती.

आणि त्याच वेळी लांबूच्या टेबलावर एक म्हातारे एकटेच बसलेले, तोच दगड खाऊन डोळे पुसत होते! लांबूला म्हणाले, 'आत सांगा, आणखी एक घास मिळेल का? लाज वाटते मागायला, पण मागतो.'

एक हात, एक भट्टी, एक संध्याकाळ. एकाला समुद्र, एकाला अमृत. मी तर चिमूटभरच टाकलं होतं. म्हणजे यांनी आधीच मीठ घातलं, विसरले, पुन्हा घातलं. एकात दोनदा, एकात नाहीच. आंधळ्यासारखं चाललंय सगळं. म्हाताऱ्याला काय, भिडस्त माणूस, मिळेल ते गोड म्हणणारा.

यांना कळलं तसा यांचा चेहरा उतरला. परत आलेली बशी स्वतः चाखली. माझ्या एप्रनकडे बघितल्यासारखं वाटलं मला. मी खिशावर हात ठेवला.

१२ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. ताईकडे जेवायला गेले. घरी काय, हॉटेलात काय, रांधतात हेच. तेव्हा म्हटलं एक दिवस दुसऱ्या हातचं धड चवीचं खावं. कसलं काय! ताईचा हात पहिल्यापासून अळणी. आईसुद्धा म्हणायची. आज तर कहर होता. मी आपलं वरून मीठ घेत राहिले. 'अगं बास, रक्तदाब वाढेल,' ताई ओरडली.

तिला सगळं सांगणार होते. ओठावर आलं होतं. पण सांगितलं की खरं होतं, अशी भीती वाटली. आल्यासारखी भांडी आवरून परत आले.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी फार वाईट वागले. पण खात्री करून घ्यायचीच होती.

सकाळी चहा माझ्याकडे असतो. यांच्या कपात साखरेऐवजी मीठ घातलं. दोन चमचे! कप पुढे ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मनात म्हणत होते, थुंका. ओरडा माझ्यावर. कप आपटा. 'डोकं फिरलंय का तुझं?' म्हणा.

एक घोट घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं, किती वेळ! मग दुसरा घोट. सगळा कप संपवला माणसाने. 'छान झालाय,' म्हणाले आणि मान खाली घालून बाजाराला गेले.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. खरंच गेली हो यांची चव! आता काय उरलं? हा माणूस वास घेऊन टोमॅटो निवडायचा. भाजीवाली म्हणायची, 'साहेब, मुलगी बघायला आलाय की काय?' आता कसं निवडत असतील? नुसत्या डोळ्यांनी?

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मला दोनदा विचारलं, 'तू बरी आहेस ना?' चोराच्या मनात चांदणं!

२० ऑक्टोबर, मंगळवार



सकाळी मी आधी पोचले. खिडक्या बंद होत्या, म्हटलं आधी चमचे पुसून घेऊ. निवांत बसून पुसत होते. मग हे आले. दारातच थबकले आणि केवढ्यांदा ओरडले! 'बाहेर हो! आधी बाहेर हो!' मला दंडाला धरून फरफटत रस्त्यावर आणलं. मग नाकाला रुमाल लावून आत पळाले, खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. गॅस, गॅस, गॅस! एवढंच म्हणत होते. लांबू येताना दिसला तर त्यालाही लांबूनच हात करून थांबवलं.

आणि मला तर कसलाच वास नव्हता! मी इतका वेळ आत बसलेली, मला कळलं नसतं का?

आता मला दुसरीच भीती वाटते. मामंजींचं शेवटी असंच झालं होतं. घरभर जळका वास येतो म्हणायचे. कुठे काही जळत नसायचं, पण उठून उठून चूल बघायचे. सगळे म्हणायचे, म्हातारपण. आधी खरे वास जातात, मग खोटे यायला लागतात की काय? हेही त्याच वाटेने निघाले?

दुपारी गॅसवाला आला, म्हणाला नळी चिरली आहे, बदलावी लागेल. त्यांना काय, बोलावलं की काहीतरी बदलतातच.

बदलताना हे माझ्याशेजारी पायरीवर बसले होते. माझा हात सोडेनात. मी म्हटलं, 'अहो, काही झालेलं नाही.' तर म्हणाले, 'हो गं, तुला काही झालेलं नाही.' आणि आणखीच घट्ट धरला.

२४ ऑक्टोबर, शनिवार

ती आली! पेपरात हॉटेलांबद्दल लिहिते ती. लांबूने चष्म्यावरून ओळखलं, पळत आत आला आणि दाराला कपाळ आपटून घेतलं. बसली नेमकी माझ्या कोपऱ्यातल्या टेबलावर. तिने एक ओळ लिहावी आणि हॉटेलं बंद पडावीत, असं झालंय लोकांचं.

आतून बशा आल्या त्या आणखीच मचूळ. टोमॅटोचं पाणी तर पाणीच. चमचा तोंडात तसाच धरून उभी राहिले. हे माझ्याकडे टक लावून बघत होते. डोळे लाल. 'हं?' विचारलं त्यांनी. 'हं,' म्हटलं मी. म्हटलं, माणसाची लाज आता माझ्या खिशात आहे. पडद्याआड जाऊन नेहमीपेक्षा जास्त टाकलं.

शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं. ती प्रत्येक बशीचा फोटो काढतेय, तो म्हणतोय, 'अगं, गार होतंय.' शेवटी म्हणाला, 'चव बरी आहे, पण पोट नाही भरलं, जाताना काहीतरी खाऊ.' असू दे. खारट तर म्हणाला नाही!

आणि चष्मेवाली! एकेक घास डोळे मिटून. पाण्याच्या वाटीशी थांबली. मला बोलावलं. वाटलं, संपलं. तर म्हणाली, 'मिठाचा असा हात मी कुठेच बघितला नाही. एक कण कमी नाही, एक कण जास्त नाही.'

बाईच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं! या आठवड्यात माझ्या टेबलांवरून एक तक्रार नाही. एक नाही. माझ्या चिमटीने तारलं या हॉटेलला. यांना कधीच कळू द्यायचं नाही.

आत जाऊन सांगितलं, 'तुमचं कौतुक केलं.' हे हसले नाहीत. भट्टीकडे तोंड करून म्हणाले, 'माझं एकट्याचं नाही ते.'

२५ ऑक्टोबर, रविवार

शेवटी यांनीच विषय काढला. दुपारी टेबलं मांडत होतो. मी नॅपकिन घडी करतेय, हे समोर येऊन बसले. 'उद्या सुट्टी आहे. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी वेळ घेतली आहे. येशील ना माझ्याबरोबर?'

मला सुटल्यासारखं झालं आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. किती दिवस एकट्याने मनात ठेवलं असेल यांनी! म्हटलं, 'येणार म्हणजे? मी नाही तर कोण येणार? घाबरू नका. उशीर झालेला नाही.'

यांनी तोंड फिरवलं. म्हणाले, 'आधीच बोलायला हवं होतं गं. धीर नाही झाला. हॉटेलचं काय होईल ते होवो.'

'काही होत नाही हॉटेलला,' मी म्हटलं. 'तुमचे हात आहेत, माझी जीभ आहे. तुम्ही रांधा, मी चाखते. तेवढं पुरेल आपल्याला.'

यावर हे इतके रडले की लांबू आतून भांडं टाकून धावत आला. त्याला म्हटलं, कांदा चिरतोय, जा. समोर कांदा नव्हता. तरी गेला बिचारा.

२६ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांच्या खुर्चीत हे बसलेच नाहीत. खांद्याला धरून मला बसवलं. 'हिला तपासा,' म्हणाले. 'माझं सगळं परत आलं. हिचं त्या तापापासून गेलंय. हिला कळत नाही. मध्ये एकदा माझ्या चहात मीठ घातलं हिने चुकून. गेला आठवडा हिच्या टेबलांच्या बशांत मी मीठच घातलं नाही, ही वरून घालते म्हणून.'

मी म्हटलं, 'काहीतरीच काय!' मी हसले.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नाकाखाली एकेक बाटली धरली. मी म्हटलं, 'अहो डॉक्टर, रिकाम्या बाटल्या काय हुंगायला देताय?'

डोळे उघडले, तर हे एकेक बाटली हातात घेऊन तिच्यावरची चिठ्ठी मला वाचून दाखवत होते. लवंग. कॉफी. संत्र्याची साल.