तुझ्या खुर्चीमागचा खुंटा

धुळे, सर्कशीचं मैदान

चि. मृणालीस,

पास मीच पाठवले होते. "येते, पण ओळख दाखवू नका," असं तू फोनवर म्हणालीस, तेही कबूल केलं. सर्कशीत तंबू ठोकणारा बाप सासरी सांगायला जड जातो, कळतं मला. धरणगावला मामाने तुझं लग्न लावलं, तेव्हा रजा मिळाली नाही असंच मी लोकांना सांगत आलो.

रविवारी भर खेळात वारा सुटला. अशा वेळी आम्ही तंबूवाले एकेक खुंटा धरून बसतो. तू शेवटच्या रांगेत, कनातीला लागून बसलेलीस. मी तुझ्यामागचाच खुंटा धरला.

तुझ्या सासूबाईंनी कनात सारून विचारलं, "आबा, तंबू मजबूत शे ना?"

"मी बसलोय तोवर पडत नाही."

बाई मायाळू. म्हणाल्या, "आमच्या सुनेचे वडीलही असेच धीराचे होते म्हणे. भुसावळला रेल्वेत होते. वारले बिचारे."

तू वर झोपाळ्याकडे बघत राहिलीस. झोपाळ्यावर तेव्हा कुणीच नव्हतं.

रेल्वे चालली असती गं. मारलंस कशाला?

आज तंबू उतरवला. खुंटे उपटले की खड्डे बुजवूनच मैदान सोडायचं, ही आमची रीत. बाकीचे खड्डे गड्यांनी बुजवले. तुझ्या खुर्चीमागच्या खड्ड्याला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. मेलेल्याला माती द्यायला घरचंच माणूस लागतं.

पाकिटावर पत्ता घालत नाही. वारलेल्यांची पत्रं येत नसतात.

निंबा तंबूवाला