ओ

९ जानेवारी

आई ऐकत नाही. पश्याला जाऊन वर्ष झालं. रविवारी त्याच्या नावानं पुण्यानुमोदन करू, भन्तेजींना बोलावू, म्हटलं. उसळलीच! "कुणाचं? मढं दावलंस व्हय मला?"

धाकटा भाऊ माझा. लेण्यांकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेचा बोगदा खोदताना दरड आली. बाकीचे सापडले. हा नाही.

"मी हाक मारली आन् पश्यानं ओ दिली न्हाय, असं झालंय कधी?"

११ जानेवारी

तिला घेऊन गेले. वाटलं, जागा पाहिली की मानेल.

अरुंद रूळ, बुटके डबे. समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. इचलकरंजीचं एक कुटुंब वडे खात होतं. गार्ड गणपतराव ओरडले, "पावणं, बोगद्यात हाक आली तर ओ देऊ नका बरं का!" सगळे हसले. आई नाही.

अंधार झाला. आईनं हाक मारली — "पश्या!"

"ओ."

वडे खाणारे थांबले.

उजेडात आल्यावर गणपतराव म्हणाले, "घुमतंय की. बोगदा हाय."

लेण्यात दगडी बुद्धासमोर आई शांत बसली. परतताना एवढंच — "हाय त्यो. भन्तेजीस्नी सांग, येऊ नका."

१२ जानेवारी

घुमलं असतं तर 'पश्या' घुमलं असतं.

१५ जानेवारी

आई जेवत नाही. रोज गाडीनं जायचं म्हणते. तिला एकटीला पाठवणार नाही. आधी मीच जाऊन बघते.

दादा — आमचे वडील — सांगायचे, भूतबीत काही नसतं. हाक आली की ओ द्यायची. भिऊन गप्प बसायचं नाही. आम्ही दोघं त्याच शिस्तीत वाढलो.

१६ जानेवारी

शेवटच्या डब्यात मी एकटीच. बोगदा आला. हाक मारायला तोंड उघडलं, त्याआधीच — अगदी कानाशी —

"आक्का!"

सवय! "ओ" म्हणून गेले.

बाहेर ऊन. लेण्यांपाशी गणपतरावांनी डब्यात डोकावून पाहिलं. "मोकळाच हाय," म्हणाले, आणि बाहेरून दाराची कडी घातली.

१७ जानेवारी

आई दारात उभी राहून मला हाका मारते आहे. मी तिच्यासमोरच आहे. ओ देते आहे.