लाल खुणेच्या जरा वर

प्रिय धाकटे,

तू हे वाचतेयस म्हणजे त्याने स्वेटरची घडी मोडली नाही. बरं झालं. तुझ्या लेकीसाठी आईने विणलाय, गळा जरा ढगळ झालाय, पण आईला आता टाके दिसतात कुठे. फोनवरच बोलले असते, पण परवा तुझ्या मनगटाचं विचारायला तोंड उघडलं आणि मागून त्याचं खाकरणं ऐकू आलं. फोन स्पीकरवर होता. म्हणून हा कागद. मी पाल्हाळ लावते हे तुला ठाऊक आहे, तरी शेवटपर्यंत वाच.

आज सकाळी तो तुझी गाडी घेऊन आपल्या गॅरेजात आला. पेट्रोलचा काटा मेलाय, जागचा हलत नाही म्हणाला. एका गावात राहून बहीण दिसत नाही, तिची गाडी तेवढी दिसते, असं अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. किती गोड बोलतो गं तो. ताई, चहा झाला का. ताई, आईंचे गुडघे कसे आहेत. आणि त्याच सुरात, काटा अगदी अचूक पाहिजे, हिला अंदाज येत नाही, शाळा आणि घर एवढंच तर जायचं असतं, टाकीत जास्त ठेवायचं कशाला. दर शनिवारी तो स्वतः डब्यातून ओततो आणि काटा लाल खुणेच्या जरा वर आला की हात आवरतो, हे मला आज कळलं. तू कधी बोलली नाहीस.

तुझ्या गाडीचा मूळचा फ्लोट, टाकीत तरंगतो तो, आता कुठे मिळत नाही. दुसऱ्या बनावटीचा बसवावा लागतो आणि खरी गोम तिथेच आहे. काटा काही टाकीत डोकावून बघत नाही. पेट्रोलवर फ्लोट वर-खाली होतो, तसा तारेतला विजेचा अडथळा कमी-जास्त होतो, काटा तेवढाच वाचतो. नवा फ्लोट आणि जुना काटा यांचं आपसूक जमत नाही. मधे योग्य रेझिस्टर, म्हणजे तेवढाच अडथळा देणारा तुकडा, जोडला की दोघं नांदतात. भलता जोडला की काटा बिनदिक्कत थापा मारतो.

बाबांचा नेम आठवतो ना? गिऱ्हाइकासमोर काटा नाचवल्याशिवाय टाकी बंद करायची नाही. मी मागे फ्लोट हातात धरून बसायची आणि तू स्टिअरिंगमागे, पाय खाली पोचत नसताना, भरली, अर्धी, रिकामी असं ओरडायचीस. मी मुद्दाम भराभरा हलवला की तुझी बोबडी वळायची. बाबा हसायचे, गिऱ्हाईक नाही. आज तुझ्या जागी तो बसला होता. फ्लोट उचलला, भरली. सोडला, रिकामी. एकदा बघून त्याचं समाधान होईना, पुन्हा करायला लावलं. मग संध्याकाळी न्यायला येतो म्हणून कामावर गेला. जाताना त्याने बॉनेटवर थाप मारली आणि मी उगाचच दचकले.

मावशीचा निरोप आहे. तिने वरची खोली झाडून घेतलीय, दाराला आतून नवी कडी बसवलीय. तुमच्या लग्नात तो तिच्याशी धड बोललासुद्धा नव्हता, ती राहते कुठे हेही त्याने विचारलं नाही. तेव्हा मला राग आला होता. आता बरंच वाटतंय.

तो गेल्यावर मी बाबांचा नेम मोडला. नीट लावलेला रेझिस्टर काढला आणि जाणूनबुजून भलता लावला. मग पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. आत्ता गाडी दारात उभी आहे आणि काटा लाल खुणेच्या जरा वर आहे, त्याला हवा तसा. संध्याकाळी तो आला की आई हा स्वेटर त्याच्याच हातात देणार आहे आणि गुडघ्यांचं पुराण असं लावणार आहे की तो पळ काढेल. पण शनिवारी तो डबा ओतायला घेईल, पेट्रोल टाकीच्या तोंडातून बाहेर येईल आणि त्याला सगळं कळेल. म्हणून शुक्रवारी लेकीला शाळेत सोडायला निघ आणि शाळेपाशी गाडी थांबवू नकोस. सरळ मावशीकडे जा. माझ्याकडे येऊ नकोस, पहिलं दार तो माझंच ठोठावेल. माझं मी बघते. हा कागद जाळ. मला भीती वाटते गं, खोटं कशाला बोलू. घाटात काटा लाल खुणेच्याही खाली जाईल, दिवा लागेल, तुझा जीव खाली-वर होईल. काटा तुझ्यासमोर असला तरी फ्लोट माझ्या हातात आहे असं समज. भरली आहे, धाकटे. थांबू नकोस.

तुझीच,
ताई