पेट्रोलचा पिकअप आणि माझं खरं वजन

२ ऑक्टोबर

आदरणीय आणि (निदान वयाने) थोरल्या रोझिनाताईस,

धाकट्या फिलोमेनाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने. गुडघ्यांचं तुला ठाऊक आहे.) तुझी तब्येत कशी आहे? नवा बसवलेला खुबा जिना चढताना कुरकुरतो का? ॲरिझोनातलं ऊन जरा उतरलं का? इकडे नॉर्थ डकोटात दोनदा गवतावर पांढरं पडून गेलं, बटाटे काढून झाले, रानचेरीच्या जेलीच्या छत्तीस बरण्या भरल्या. मी ठणठणीत आहे. फक्त रक्तदाब वाढलाय, आणि त्याला कारण पुरुष आहेत. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून फोन घेतेस, मग मी ओरडते, ते तुला सोडून सगळ्यांना ऐकू जातं. सदतीस वर्षं टपालाच्या खिडकीत बसून लोकांची पत्रं वाटली, आता माझंही एक जाऊ दे.

आमचा लिओ जाऊन (देव त्याला शांती देवो, आणि तिथे तरी त्याला बूट दाराबाहेर काढायची बुद्धी देवो) दीड वर्ष झालं. जायच्या आदल्या उन्हाळ्यात त्याने राहायचा ट्रेलर घेतला हे तू जाणतेसच. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. मात्र तो ओढणारी गाडी घ्यायची राहिली, कारण लिओची पद्धत अशी, की आधी झूल घ्यायची आणि मग बैल शोधायचा. ट्रेलर अंगणातच राहिला. आम्ही दोघं रविवारी प्रार्थनेहून आलो की त्यात बसून कॉफी प्यायचो आणि तो म्हणायचा, "फिल, समज आपण रोझिनाकडे पोचलो." त्यामुळे यंदा मी ठरवलं, की हिवाळ्याला तुझ्याकडे यायचं, ट्रेलर घेऊन, स्वतः चालवत. आठ वर्षं तू बोलावते आहेस, भोग आता.

हे ऐकून आमच्या डार्विनने (तुझा भाचा, वय सत्तेचाळीस, चेहरा नव्वदीचा) कप खाली ठेवला. "आई, ट्रेलर ओढणार? तू?" मी म्हटलं, "छे रे, मागून ढकलणार." तो हसला नाही. त्याच्या मते ट्रेलर विकून टाकावा, गिऱ्हाईक हाताशी आहे. कोण ते सांगेना. शेवटी तह झाला: देवदूत मिकाएलच्या सणापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत, मी ट्रेलर पेलणारा पिकअप आणायचा आणि सगळं सामान चढवून वजनकाट्यावर तसं सिद्ध करायचं. नाही जमलं, तर ट्रेलर गेला.

आता आपल्या गावात पिकअप घ्यायचा म्हणजे कॅफेतल्या सकाळच्या टेबलाची परवानगी लागते. पाच म्हातारे, सहा कप कॉफी (सहावा कुणाचा ते आजवर कळलेलं नाही). त्यांचा महंत क्लॅरेन्स फाइस्ट, तोच, ज्याची नांगरणी वाकडी म्हणून बाबा रस्ता बदलून जायचे. मी नुसतं 'पेट्रोलचा' म्हटलं, तर पाचही जणांनी टोप्या सरळ केल्या. "अगं, ओढायला डिझेलच हवं! पेट्रोलचा पिकअप म्हणजे घोड्याच्या जागी शेळी जुंपायची." मी म्हटलं, "क्लॅरेन्स, मला वर्षातून दोनदा जायचंय, एकदा जायला आणि एकदा यायला. त्याच्यासाठी डिझेलचे चोचले कोण पुरवणार? उणे तीसमध्ये तुझं डिझेल टाकीत गोठून खिरीसारखं होतं, तेव्हा तुला दवाखान्यात नेलं ते माझ्या पेट्रोलच्या मोटारीने." यावर त्याने फक्त पॅनकेक कापला. पण रोज नवा सल्ला सुरूच: पेट्रोल घेऊ नकोस, जुना घेऊ नकोस, डिझेल महाग पडत असेल तर विचारच सोड. मला वाटलं, बिचाऱ्याला माझी काळजी आहे. (एवढी वर्षं शिक्के मारूनही माणूस भोळं राहू शकतं, बघ.)

पहिला पिकअप बघितला तो एका गुळगुळीत पोराचा. म्हणाला, "काकू, याने आयुष्यात काही ओढलेलं नाही. फक्त प्रार्थनेला आणि बाजारात." आपल्याला कॉन्व्हेंटात सिस्टर अल्क्विना काय सांगायच्या? खोटं बोलणारीच्या तोंडाकडे बघू नका, बुटांकडे बघा. मी मागे जाऊन बघितलं. ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा घासून घासून चांदीसारखा झालेला. रविवारचा झगा सावरत खाली वाकले, तर मागचा आस तेलाने भिजलेला. "बाळ," मी म्हटलं, "प्रार्थनेला काय अख्खं चर्च ओढून नेत होतास?" पोरगा लाल झाला, आणि झग्याचा डाग अजून निघालेला नाही.

दुसरा क्लॅरेन्सने शोधून दिलेला. डिझेल, कातडी खुर्च्या, छताला काच, पायरी आपोआप खाली येते (एवढं अगत्य मला कुणाच्या सुनेनेही दाखवलेलं नाही). टेबलावरचे पाचही जण त्याच्याभोवती बाळंतविड्याला जमल्यासारखे जमले. जो तो हेच सांगतो, की हा इतकं ओढतो नि तितकं ओढतो. आपल्या गावात कुणीही पिकअप घेताना एवढंच विचारतं, आणि सगळे तिथेच फसतात. कारण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ट्रेलर नुसता मागून येत नाही, पिकअपवर मान टेकून येतो, आणि आमच्या ट्रेलरची मान बाराशे पौंडांची आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कागद चिकटवलेला असतो, माणसं-सामान मिळून किती चढवायचं त्याचा. पाचांपैकी एकानेही तो जन्मात वाचलेला नव्हता! मी चष्मा लावून वाचला. सोळाशे दहा. डिझेलचं इंजिन इतकं अवजड आणि त्यात ते कातडं नि काच, की पिकअपची निम्मी ताकद स्वतःचाच थाट उचलण्यात जाते. मान बाराशे, जोडणीचं लोखंड शंभर. उरले तीनशे दहा. म्हणजे मी, आपला कुत्रा वेंडेल आणि जेलीच्या बरण्या, यांपैकी दोघांनी जायचं आणि तिसऱ्याने टाटा करायचा. "कागदावर काय जायचंय," क्लॅरेन्स म्हणाला. मी म्हटलं, "बायबलही कागदावरच असतं."

तिसरा मिळाला अँब्रोज श्माल्ट्झकडे. आठवतो ना, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेण्या मोजायचा? (दोनच होत्या. त्याचं गणित कच्चं.) त्याने वीज मंडळाच्या लिलावातून घेतलेला पांढरा पिकअप, पेट्रोलचा, दणकट, आत खाली रबर, खुर्च्या साध्या कापडाच्या. देखणा म्हणशील तर अजिबात नाही, थेट आपल्या आत्या लुडविनासारखा, पण तिच्याचसारखा काहीही उचलेल. मी मैल विचारायच्या आधी इंजिनाचे तास विचारले, कारण विजेवाले खांबाखाली गाडी चालू ठेवून दिवसभर बसतात, मैल कमी दिसतात आणि इंजिन म्हातारं होतं. अँब्रोज बघतच राहिला. "फिल, चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं." तास बेताचे निघाले. दाराचा कागद म्हणाला, तेहतीसशे. मी रबरावर हात फिरवला आणि तिथेच, त्याच्या अंगणात, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अँब्रोजने आकाशाकडे बघून हवामानावर भाष्य केलं. भला माणूस आहे.

सणाच्या दिवशी त्याने ट्रेलर जोडून दिला आणि आम्ही धान्याच्या कोठाराच्या काट्यावर गेलो. सोयाबीनचा हंगाम, मागे दहा ट्रकची रांग, आणि रांगेत क्लॅरेन्स. तो उतरून आला आणि डार्विनला म्हणाला, "काय रे, आज पक्कं करायचं ना? तळ्यावर बर्फ धरला, की मासे मारायला मला ट्रेलर लागेल. बर्फावर उभा करून, पलंग काढून, गळ सोडायला खाली भोकं पाडीन म्हणतो." रोझिनाताई! गिऱ्हाईक हाच! लिओच्या कॉफीच्या जागी हा भोकं पाडणार, आणि महिनाभर मला पेट्रोल नको म्हणून सांगत होता! मी काय बोलले ते लिहीत नाही, पाप कबूल करून झालंय.

मी पिकअप काट्यावर घेतला, ट्रेलरची मान पिकअपवर, चाकं मागे काट्याबाहेर. खाली उतरले. आत बरण्या, अवजारं, वेंडेल. बाहेरच्या पाटीवर लाल आकडे आले, हातभर उंच, पलीकडच्या गावातून दिसतील असे: ८४००. पिकअपची मर्यादा स्वतःच्या वजनासकट दहा हजार. मी हात वर केले. तेवढ्यात क्लॅरेन्स ओरडला, "ड्रायव्हर धरला नाही!" आणि खिडकीतली बाई भोंग्यावरून म्हणाली, "खरंय हं, फिलोमेनाबाई. बसा आत."

तू जाणतेस, माझं वजन लिओलाही माहीत नव्हतं. गाडीच्या परवान्यावर मी १९८४ सालचं लिहिते. रांगेतल्या दहाही ट्रकच्या काचा खाली आल्या. डार्विन हळूच म्हणाला, "आई, राहू दे. मी समजून घेतो." मी ट्रेलरकडे बघितलं, क्लॅरेन्सकडे बघितलं, पर्स छातीशी धरली आणि चढले. ८५८०. (काटा वीस-वीसने मोजतो, म्हणजे वरचे एकोणीस त्याचे. शिवाय पर्समध्ये पाना होता.) रांगेतल्या पहिल्या ट्रकने भोंगा वाजवला, मग दुसऱ्याने, मग दहाही जणांनी. अँब्रोजने टोपी काढली. डार्विन हसला, रोझिनाताई, पोटातून, लहानपणी हसायचा तसा, आणि म्हणाला, "चौदाशे वीस शिल्लक! आई, अजून सात आया मावतील." क्लॅरेन्स म्हणाला, पेट्रोलही तसं वाईट नसतं.

असो. फार लांबलं. प्रकृतीला जप, श्रवणयंत्र लाव.

तुझी धाकटी,
फिलोमेना

ता.क. १: अँब्रोज विचारत होता, ॲरिझोनात जानेवारीत हवा कशी असते. मी म्हटलं, बहिणीला विचारून कळवते. कळव. घाई नाही. पण कळव.

ता.क. २: हे पत्र घरून लिहिलेलं नाही. मी परवाच निघाले, आणि नेब्रास्कातल्या एका पेट्रोल पंपावर आहे. पिकअपचं नाक एका भिंतीपासून हातभर अंतरावर आहे. चार तास झाले. पुढे नेणं मला उत्तम जमतं. ट्रेलरसकट मागे घेणं मी शिकले नाही, कारण तहात ते कलम नव्हतं. तिघांनी मदत करू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नको, बहिणीला पत्र लिहिते आहे. आता पत्र संपलंय, आणि एक बाई माझ्या मदतीला आपल्या नातवाला हाक मारते आहे. या खेपेला हो म्हणेन.

ता.क. ३: तुझ्या आवारात फाटक एकच आहे, समोरचं. तेव्हा मी येईपर्यंत मागचं कुंपण पाडून ठेव. म्हणजे मला एप्रिलमध्ये सरळ पुढे निघता येईल. शेजाऱ्यांची फुलझाडं मध्ये येत असतील तर त्यांना आत्ताच जेली कबूल कर. गुरुवारी पोचते.